शेवटच्या पुस्तकातल्या सावल्या

३ नोव्हेंबर

सावल्या फिरवल्या! बाबांच्या शेवटच्या पुस्तकातल्या सगळ्या सावल्या! प्रकाशकांनी नव्या आवृत्तीची पानं घरी पाठवली – नुसती ‘बघून घ्या’ म्हणून. बुटका हत्ती तोच, गोष्ट तीच, पण डावीकडे पडणारी त्याची सावली आता उजवीकडे पडते. फोन केला. संपादकबाई अगदी गोड बोलल्या. म्हणे, बाबांच्या बाकी सगळ्या पुस्तकांत उजेड डावीकडून येतो, या एकातच उजवीकडून. सगळा संच एकत्र विकायचाय, मग चूक सुधारायला नको?

चूक म्हणे! डोकंच फिरलं माझं.

४ नोव्हेंबर

ती चूक नाहीच. हात थरथरायला लागला होता बाबांचा, तरी दार लावून हे पुस्तक पुरं केलं. आईशिवाय कुणाला आत फिरकू देत नव्हते. उजेडाची बाजू त्यांनी जाणूनबुजून बदलली – तो त्यांचा निरोप होता. शोकसभेत मी हेच बोलले होते. लोकांनी डोळे पुसले. आई खाली मान घालून बसली होती.

५ नोव्हेंबर

वकीलदादाकडे गेले. मावसभाऊ असला तरी काम बाजूला ठेवून तासभर बसला, हे विशेष. छापायचा-विकायचा हक्क बाबांनी कधीच प्रकाशकाला देऊन टाकलाय, तो विषय संपला. पण चित्रावर नाव चित्रकाराचंच हवं, आणि चित्राची कुणी मोडतोड करायची नाही – हा नैतिक हक्क बाकी सगळं विकलं तरी चित्रकाराकडेच राहतो. ऐकून हायसं वाटलं.

पण राहतो किती वर्षं? ते म्हणे जिथलं तिथं वेगळं. काही देशांत कॉपीराइट असेपर्यंत, म्हणजे माणूस गेल्यावरही पुष्कळ वर्षं. काही देशांत कायमचा. आपण राहतो त्या या परक्या देशातलं नीट वाचून सांगतो म्हणाला.

६ नोव्हेंबर

दादाचा फोन नाही. जीव टांगणीला लागलाय.

७ नोव्हेंबर

संपलं. इथे हा हक्क चित्रकाराबरोबरच जातो. दादा बिचारा चाचरतच म्हणाला, “काका असते तर एका पत्रात काम झालं असतं गं.”

म्हणजे माणूस गेला की त्याच्या चित्राला कुणी वाली नाही? मुखपृष्ठावर नाव मात्र केवढं ठळक! विकायला बाबा हवेत, विचारायला नकोत. सोमवारी छपाई सुरू. मी काही करू शकत नाही, आणि त्याचाच फार त्रास होतोय.

आईला सगळं सांगितलं. ती माझ्या कुर्त्याला बटण लावत होती. दिवा तेवढा उजवीकडे ओढून घेतला – डावखुरी ना ती, डावीकडे दिवा असला की तिच्या हाताची सावली तिच्याच टाक्यांवर पडते. पण बराच वेळ सुई नुसतीच हातात होती.

८ नोव्हेंबर

सकाळी आईने स्वतःच दादाला फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

“तो हत्ती मी काढलाय. यांना ब्रश धरवतच नव्हता. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं आमचं. तू पत्र लिही. मी आहे अजून जिवंत.”