पाण्यातून आलेली पावलं

काशी. पौषातला रविवार, संध्याकाळ.

बूट दारातच आहेत. डाव्या टाचेचा तुकडा उडालाय, हे सकाळपर्यंत माझ्या लक्षातही नव्हतं.

मुन्शी घाटावरून नावेनं पलीकडच्या रेतीवर उतरलो, तेव्हा मल्लाह म्हणाला, "कोहरा है साहब, पानी से हटके चलिएगा." मी हसलो. सह्याद्रीतले गड पालथे घातलेल्याला सपाट वाळूवर कसली भीती? शिवाय धुक्यात पाण्याची कड सोडायची नाही, हीच आमची शिकवण. नदी डाव्या हाताला ठेवून अगदी काठानं चालत राहिलो. मागं एकदा धप्प झालं. वाटलं, कुणी बुडी मारली असेल.

परतताना माझ्याच ठशांवरून आलो. तुटकी टाच, पुन्हा तुटकी टाच. आणि एकदम ठसे संपले. पुढं नुसतं पाणी. शेवटचा ठसा पाण्याला लागून, त्याचं टोक माझ्याकडे. जणू मी गंगेतूनच चालत बाहेर आलो होतो.

किती वेळ तिथं उभा होतो, देव जाणे. मल्लाहाच्या हाका आल्या तेव्हा कुठं काठापासून दूर सरकलो. तो म्हणाला, "रेती नीचे से कटती है, साहब. ऊपर से पता नहीं चलता."

घरी मालतीनं विचारलं, "कुठवर गेला होतात?"

"इथंच, घाटावर."

धुक्यात नाव म्हटली की ती घाबरते, म्हणून निघतानाही हेच सांगितलं होतं. मल्लाहाला तर माझं नावही ठाऊक नाही.

म्हणजे तिनं मला घाटावरच शोधलं असतं.