डावीकडे बघा

३ नोव्हेंबर
डोळ्यांचे डॉक्टर आज फारच गोड बोलले, तेव्हाच शंका आली. डाव्या बाजूचं दिसणं गेलं ते गेलं. औषधाने उरलेलं टिकवायचं. समोरचं लख्ख दिसतं, वाचता येतं — कोणाला कळणार आहे? शाळांची रोबो-स्पर्धा होईपर्यंत तोंडाला कुलूप. मोठ्या बाईंना कळलं तर संगणकाचा तास दुसऱ्याकडे जाईल, तोही माझ्याच भल्यासाठी! हा तास मला हवा आहे. बाकी काहीही चालेल.

६ नोव्हेंबर
रोबोचा खेळ घेतला. रोबो मी. मुलांनी सूचना देऊन मला दारापासून फळ्यापर्यंत न्यायचं. सांगितलं तेवढंच करणार, स्वतःची अक्कल वापरणार नाही. घरी आमचे हे ऐकून म्हणाले, "सांगितलेलं ऐकायचं? आणि तुला जमलं?"

स्पर्धेतही असंच, फक्त तिथे चाकांचा रोबो. कमीत कमी सूचनांत पोहोचवायचा. जोडगोळीने — दोघी एका बाकावरच्या, डोकंही एकच — सुटसुटीत काम केलं. सतत बडबडणाऱ्या टकळीचं मात्र पाल्हाळ. "डावीकडे बघा. बाक असेल तर थांबा. नसेल तर चला." दर वळणावर!

बाक कालही तिथेच होता, म्हटलं. ती गप्प. टकळी आणि गप्प!

७ नोव्हेंबर
मोठ्या बाई म्हणाल्या, "नवा चष्मा वाटतं?" चोराच्या मनात चांदणं.

११ नोव्हेंबर
पुन्हा तेच. डावीकडे बघा. मी चिडले. बघायचं तर दोन्हीकडे बघायला सांग, नाहीतर काढून टाक.
"उजवीकडे नको, बाई."
"का?"
"असंच."
असंच! वर्षभर विचार करायला शिकवलं, त्याचं हे फळ.

१२ नोव्हेंबर
कपाटाचं उघडं दार खांद्याला लागलं. डाव्या. ह्यांना म्हटलं, घाईत होते.

१४ नोव्हेंबर
संघ जाहीर केला. जोडगोळी आणि वर्गातला पहिला नंबर. टकळी नाही. तिने सगळ्यांत जास्त मनापासून केलं होतं, पण मनापासून केल्याचे वेगळे गुण नसतात. का नाही, असं तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही, असं शिपाईमावशी म्हणाल्या. वाईट वाटलं. निर्णय बदलला नाही.

२२ नोव्हेंबर
स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत परीक्षकांनी ऐनवेळी रोबोच्या वाटेत खोका ठेवला. आमचा रोबो सरळ जाऊन धडकला आणि तिथेच चाकं फिरवत राहिला. बघून थांबायची सूचनाच नव्हती. मीच पाल्हाळ म्हणून हद्दपार केली होती! चौथे आलो. पहिला नंबर रडला. परतताना गाडीत काय चुकलं ते मी नीट समजावून सांगितलं — जणू चूक दुसऱ्याच कोणाची होती.

२४ नोव्हेंबर
टकळीला वर्गाबाहेर बोलावलं. तुझं बरोबर होतं, म्हटलं. खोका ठेवतील हे कसं सुचलं?

"खोक्याचं नाही हो, बाई. रोबो तुम्ही होतात ना! डावीकडचा बाक तुम्हाला रोज लागतो. म्हटलं, सूचनेतच घालावं."

कोणाला बोललीस?

"तुम्ही तरी कुठे कोणाला सांगितलंत?"

वर्गात परतताना ती माझ्या डाव्या बाजूने चालत होती. दिसली नाही. तोंड चालू होतं म्हणून कळलं.