दादाला घातलेली अट

मी, पाट्या आणि फलक रंगवणारा, ज्याला घरचे आणि गिऱ्हाइके 'काळजीपंत' म्हणतात, आज हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे वय अशा लिखाणाचे नाही, हे मला मान्य आहे. तब्येत ठणठणीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दादाचे मत वेगळे आहे, पण तो डॉक्टर नाही, वेल्डर आहे. लिहिण्यासाठी कोणी दबाव आणलेला नाही. उलट आईने 'असलं अभद्र लिहू नकोस रे' म्हणून दोनदा पेन लपवले. शाळा मी नववीत सोडली, म्हणून अवघड शब्द शब्दकोशात बघून लिहिले आहेत. तरी एखादी चूक राहिली असल्यास तिच्यामुळे कोणाचा हक्क बुडू नये.

कारण असे की, उद्या सकाळी आम्ही नगर कचेरीच्या फाटकासमोर बसणार आहोत. मागच्या वेळी पहारेकऱ्यांच्या ढकलाढकलीत एकाचा हात मोडला होता. मी मरेन असे मला वाटत नाही. पण गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून घरी परत येतो, तेव्हा हे तसेच सोडून जाणे मला जमणारे नाही.

कलम १. बँकेत जे असेल ते आईचे. त्यातून आधी तिच्या गुडघ्याचे औषधपाणी व्हावे. दादाच्या लग्नासाठी राखून ठेवू नये. दादाला मुलगी पसंत पडायची तेव्हा पडेल, गुडघा रोज दुखतो.

कलम २. सर्व बारीक ब्रश घड्याळवाल्या काकांना. काका चाकांच्या खुर्चीत बसून घड्याळे दुरुस्त करतात. धूळ झाडायला माझे ब्रश नेतात आणि 'परत देतो' म्हणतात. आता द्यायची गरज नाही.

कलम ३. शिडी झाडांच्या बाईंना. बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि जाहिरातींसाठी बुंध्यात ठोकलेले खिळे काढत फिरतात. समोरच्या छापखानेवाल्याला मात्र माझ्याकडून काहीही देऊ नये. 'हातानं रंगवलेलं कोण बघतं आता?' असे तो माझ्या गिऱ्हाइकासमोर म्हणाला होता. त्याला शिडी लागली तर बाईंकडे मागावी. बाई देतील, त्याला माझा इलाज नाही.

कलम ४. दांड्यांविषयी. हे कलम लांब आहे, कारण दुकान यावरच चालते.

कचेरीच्या शिलाईशाळेत काम करणाऱ्या बायकांना तिथे संडास हवा होता. त्यांच्या पहिल्या मोर्च्याचे फलक मी लाकडी दांड्यांवर केले होते. फाटकावर रेटारेटी झाली, कोणाचा तरी दांडा एका पहारेकऱ्याच्या डोक्यात बसला, आणि दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा फक्त त्याच्या टाक्यांची. त्या बायकांच्या पुढारी, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, दुकानात येऊन म्हणाल्या, "अरे, एका दांड्यानं आमचं सगळं बोलणं गिळलं बघ."

मग त्यांनीच शिलाईशाळेतून पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या. कापडाचे तागे त्यांच्यावर गुंडाळून येतात आणि पुढे त्या फेकून दिल्या जातात. मी खात्री करायला एक नळी दादाच्या पाठीत घातली. नळी वाकली. दादा म्हणाला, "अजून एकदा, जरा वर. खाज येतेय." त्या दिवसापासून माझ्या दुकानात लाकडी दांडा नाही.

याच काळात काका आणि बाईही फलकांसाठी येऊ लागले. काकांना कचेरीच्या पायऱ्यांच्या जागी उतार हवा होता. बाईंना कचेरीच्या दारातले झाड वाचवायचे होते. झाड नेमके उताराच्या जागेवर. दोघे एकाच वेळी आले की मी पंखा मोठा करायचो.

"बाई, तुमचं झाड छान आहे. पण मी काय जन्मभर त्याच्या सावलीत बसून कचेरीकडे बघत राहू?"

"आणि तुमच्या चाकांसाठी एवढं जुनं झाड आडवं करू मी?"

योगायोगाने तिघांचे मोर्चे एकाच दिवशी निघाले. मी प्रत्येकाचा फलक कागदात गुंडाळून वर नावाची चिठ्ठी लावली होती. पण वाऱ्यात सगळ्यांनी घाईघाईने कागद सोडले, आणि नळ्या सारख्याच असल्याने जो हाती आला तो फलक घेऊन जो तो निघाला. बाई अर्धा रस्ता 'बायकांना संडास हवा, आत्ता हवा' असा फलक उंच धरून चालल्या. एका भल्या माणसाने त्यांना कोपऱ्यावरची सोय दाखवली. मावशी 'आम्हाला पायऱ्या चढता येत नाहीत' हा फलक घेऊन सगळ्यांच्या आधी धडाधड पायऱ्या चढून वर गेल्या. आणि काकांच्या हातात आले झाड.

कचेरीच्या साहेबांनी काकांना विचारले, "हे झाड कापलं तर तुमचाच फायदा. तुम्ही कशाला ओरडताय?"

काका खरे तर तिथेच फलक टाकून देणार होते. पण साहेबांचे ऐकून घेणे त्यांच्या रक्तात नाही. ते म्हणाले, "साहेब, उतार झाडाला वळसा घालून काढा. मला वळता येतं. झाडाला येत नाही."

त्या संध्याकाळी बाईंनी काकांना स्वतःच्या हातचा चहा पाजला. तेव्हापासून आमचा नियम आहे : आपला फलक आपण धरायचा नाही. का, ते मावशींनी माझ्यापेक्षा बरे सांगितले आहे. "माझी मागणी माझ्या हातात असली तर रागाच्या भरात मी एखाद्याला हाणेनही. पण हातात काकांचा उतार आहे. मी हाणलं की जाणार तो काकांचा. दुसऱ्याचं पोर कडेवर असताना कोणी मारामारीत उतरतं का?"

दुकान ज्याच्याकडे जाईल त्याने नळ्या आणि हा नियम, दोन्ही पाळावे.

कलम ५. दुकान, आतले रंग, पाट्या आणि बाहेरचा बाक दादाला, परंतु एका अटीवर. उद्या किंवा पुढे मला कोणी ढकलले, मारले, किंवा माझे काहीही झाले, तरी दादाने कोणावरही हात उचलू नये. उचलल्यास दुकान गेले.

लहानपणी मला कोणी टपली मारली की दादा त्याच्या घरापर्यंत जायचा. मी शाळा सोडली तेव्हा तो मास्तरांकडेही निघाला होता. आईने चपला लपवल्या म्हणून मास्तर वाचले. त्याने मला मायेने सांभाळले हे मी लेखी मान्य करतो. पण उद्या मी पडलो आणि दादा सळई घेऊन धावत आला, तर उतार गेला, झाड गेले, संडास गेला. मला माराची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती दादाच्या मायेची आहे.

(येथे लिहिणे थांबवावे लागले. दादा डबा घेऊन आला आणि त्याने खांद्यावरून कलम ५ वाचले. पुढे जे झाले त्याचा मृत्युपत्राशी संबंध असल्याने लिहितो.)

दादा म्हणाला, "अटी घालतोस? मी तुझा भाऊ आहे की भाडेकरू?"

"दादा, ऐक तर."

"तुला मारतील तेव्हा मी काय करू? टाळ्या वाजवू?"

काका, बाई आणि मावशी दुकानातच उद्याच्या फलकांना नळ्या बांधत बसले होते. मावशी म्हणाल्या, "बसायचं. आमच्यासारखं."

"बसायला काय, कोणालाही जमतं."

"मग बस की."

आम्ही बसण्याचा सराव करतो. एकाने पहारेकरी व्हायचे, बाकीच्यांनी मार आणि शिव्या सोसायच्या. मावशींनी दादाला माझ्या शेजारी जमिनीवर बसवले आणि त्याच्या हातात संडासाचा फलक दिला. काका पहारेकरी झाले. खुर्ची थेट दादाच्या गुडघ्यांना भिडवून म्हणाले, "काय पैलवान, एवढं धूड आणि संडास मागतंय? पोट बिघडलंय का?"

दादाचे कान लाल झाले. तो बसून राहिला. तेव्हा काकांनी न सांगता माझी कॉलर धरली आणि मला जोरात ढकलले. मी आडवा पडलो, डोके टेबलाच्या पायावर आपटले. दादा ताडकन उठला. हात वर गेला. बाई "अहो, अहो!" म्हणून ओरडल्या.

वर गेलेल्या हातात फलक होता. मारायचे तर तो टाकावा लागणार होता. दादाने फलकाकडे पाहिले, मग मावशींकडे. दादा सावकाश खाली बसला. फलक सरळच होता.

मग तो म्हणाला, "काका, उद्याचा पहारेकरी तुमच्यापेक्षा तरी सभ्य असेल ना?"

बाई इतक्या हसल्या की चष्मा रंगाच्या डब्यात पडला. काकांनी माझ्या टेंगळावर ओले फडके धरले आणि पहारेकऱ्याच्याच आवाजात माफी मागितली.

हसणे थांबल्यावर दादा मला म्हणाला, "हे दुकान नको मला. लालूच दाखवून हात बांधतोस होय रे? उद्या मी येतोय. फुकट बसेन."

कलम ६. वरील कलम ५ रद्द. दुकान काका, बाई आणि मावशी यांना समाईक. नळ्या आणि फलकांचा नियम कायम. आपापसात भांडण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहील. दादाला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही, हे मी अतिशय आनंदाने लिहीत आहे.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे एका ओळखीच्या वकिलांनी बजावले होते. त्यामुळे खोलीतले जवळजवळ सगळे बाद झाले. उरला दादा, आणि दारात पत्र घेऊन उभे असलेले पोस्टमन.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. बाईंनी तिसऱ्यांदा वाचला. तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून राजीखुशीने सही करतो.

स्थळ : माझे दुकान, पुढची खोली
दिनांक : बैठकीच्या आदला दिवस, दुपार
सही : काळजीपंत

साक्षीदार पहिला, पोस्टमन : सही माझ्यासमोर झाली. सही करणाऱ्याच्या डोक्याला टेंगूळ होते, परंतु तो शुद्धीत होता.

साक्षीदार दुसरा, थोरला भाऊ, वेल्डर : मला यातून काही मिळत नाही हे वाचून सही केली. पहारेकरी फाटकाच्या डावीकडून येतात. म्हणून उद्या याच्या डाव्या बाजूला मी बसणार.