पाव्हणी हसली म्हणून दिसली

पाली, ता. वेल्हे

प्रिय प्रशिक,

जय भीम.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर बोलायचं नाही असं मी ठरवलंय. मागच्या वेळी तोंड उघडलं तर "आई, शूट चालू आहे, नंतर करतो" म्हणून तू फोन ठेवलास. त्याच्या आधी एकदा माझं बोलणं स्पीकरवर लावून खोलीतल्या पोरांना ऐकवलंस. त्यांचं हसणं मला ऐकू आलं होतं, तुला वाटत असेल आलं नाही. कागद असा स्पीकरवर लावता येत नाही, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. मधेच टाकून देऊ नकोस.

आधी घरचं सांगते. भाताची झोडणी उरकली. खाचर खालच्या अंगाला थोडं पडलं होतं, पण एकंदर भात बरं उतरलं. पप्पांची कंबर आहे तशीच आहे. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय आणि ते वाकतात. शनिवार-रविवारी किल्ल्यावर येणाऱ्यांची आपल्याकडं जेवायला एवढी रीघ असते की पिठलं दोनदा टाकावं लागतं. चेलाडी फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. भोरच्या मोबाईलच्या दुकानाचं उद्घाटन तुझ्या हातून, 'सुप्रसिद्ध रीलस्टार' असं मोठ्या अक्षरात. एसटी तिथं थांबली की पप्पा शेजारच्याला सांगतात, "आमचा पोरगा हाय." शेजारचा मोबाईल काढून तुझी रील लावतो आणि दोघंही हसतात. मी खिडकीबाहेर बघते.

नीमाची आठवण तुला आहे का, हे मी विचारणार नाही. तुझ्या पेजवर एवढी माणसं तिच्यामुळं आली, तुला आठवण असणारच. पण ती आपल्या घरी कशी आली ते तू विसरलास असं मला वाटतं, म्हणून परत सांगते. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची पोरं गडावर आली होती. पाली दरवाजाच्या पायऱ्या उतरताना तिचा पाय मुरगळला. खाली येईस्तोवर घोटा गाडग्याएवढा झाला. बाकीच्यांना परत जायचं होतं, बस भरलेली, पाय लांब करून बसायला जागा नाही. मीच म्हणाले, राहू दे तिला, सूज उतरली की लावून देईन. पप्पांनी तिला जीपमधून वेल्ह्याला नेऊन आणलं. हाड मोडलं नव्हतं. मी आंबेहळदीचा लेप लावला, तिचे चिखलाचे कपडे धुवायला टाकले आणि माझी जांभळी साडी तिला नेसवली. तू तेव्हा घरीच होतास. तिच्यासाठी गरम पाणी तूच आणून दिलंस, हेही मी विसरलेले नाही.

तिचं गाव टांझानियात, आणि त्या भागात भात पिकतं हे ऐकून पप्पांना केवढी गंमत वाटली होती. पाय पोत्यावर ठेवून ती बसल्या बसल्या पाखडायला लागली. सूप कसं धरायचं ते तिला सांगावं लागलं नाही. तिच्या आईकडं असंच सूप आहे म्हणाली. त्यांच्या भाषेत आईला 'मामा' म्हणतात. तिनं मला "मामा" म्हणून हाक मारली आणि पप्पा म्हणाले, "घ्या, आता मी मामी झालो." तिला हिंदीत समजावून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की हातातलं सूप कलंडलं. आम्हीही हसलो. त्याच वेळी तू समोर मोबाईल धरून उभा होतास. मला वाटलं, पोरगं फोटो काढतंय, आठवण म्हणून.

पुढं काय झालं ते मला सारजाबाईंच्या कोमलनं दाखवलं. पोरगी वरच्या धनगरवाड्यातून दूध घालायला येते, तिला वाटलं मी खूष होईन. "काकू, तुमचं अंगण आलंय बघा मोबाईलवर." बघितलं. आपलं अंगण, आपलं भात, माझी साडी नेसून हसणारी नीमा, आणि तिच्या हसण्यावर तुझा आवाज: "लाइट गेली होती, पाव्हणी हसली म्हणून दिसली." मग 'मामा, मामा' असं माकडासारखं चिरकत ओरडणं, तेही तुझंच. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते कोमलनं वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. उरलेलं मी वाचलं. जनावरांची नावं होती. इथं लिहिणार नाही.

मी तुला फोन केला. तू काय म्हणालास ते शब्दाला शब्द सांगते. "आई, कॉमेडी आहे. काळ्याला काळं म्हटलं तर काय झालं, आपण तरी कुठं गोरे आहोत? आणि तिला मराठी कुठं कळतंय?"

तिला मराठी कळत नाही. म्हणजे जिच्यावर हसतोस तिला कळत नाही, हीच तुझी सोय. समोरच्याला भाषा कळत नाही म्हणून त्याच्या तोंडावर त्याला शिव्या घालायच्या आणि तो हसला की आणखी हसायचं. प्रशिक, ह्याला आमच्याकडं कॉमेडी म्हणत नाहीत. ह्याला काय म्हणतात ते तुझ्या आजोबांना विचारायला हवं होतं. त्यांच्या समोरही लोक असंच बोलायचे, त्यांना सगळं कळत असूनही कळत नाही असं धरून.

आणि तुला तर ते ऐकून माहीत नाही, सोसून माहीत आहे. चौथीच्या गॅदरिंगला गुरुजींनी तुला राक्षस केलं होतं. पाचवीलाही राक्षस. का, तर "ह्याला रंग लावायला नको." वर्ग हसला, गुरुजी हसले. तू घरी येऊन न्हाणीत बसलास आणि पाय घासायच्या वजरीनं गाल घासलास, रक्त येईस्तोवर. मी शाळेत गेले होते. गुरुजी मला काय म्हणाले माहीत आहे? "अहो बाई, पोरं हसली तर काय झालं, गंमत असते ती." तुझ्या गालाची खपली निघायला किती दिवस लागले. तेच वाक्य तू मला फोनवर ऐकवलंस, आणि तुला ते कुठून आलं हेही कळलं नाही. आपण तरी कुठं गोरे आहोत म्हणतोस. म्हणून तर तुला जास्त कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या पोरानं हे केलं असतं तर मी म्हणाले असते, अडाणी आहे, त्याच्या घरात कुणी काही सांगितलं नसेल. तुझ्या घरात भिंतीवर कुणाचा फोटो आहे? चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून त्या फोटोपुढं उभा राहतोस, तो व्हिडिओही टाकतोस. माणूस जन्मावरून आणि रंगावरून हलका ठरवायचा नाही, एवढंच तर शिकलो आपण. बाकी काय शिकलो? की आता आपली पाळी आली आहे, आपल्या खाली कुणीतरी शोधा?

मी म्हणाले, काढून टाक तो व्हिडिओ. तू "बरं" म्हणालास. पुढच्या रविवारी घरी आलास, जेवलास, पप्पांसाठी कमरेचा पट्टा आणलास. जाताना म्हणालास, "आई, ती जांभळी साडी दे, एका नाटकाला पाहिजे." मी घडी घालून दिली. मला वाटलं, चूक कळली पोराला, आता नाटकात काम करतोय. त्या साडीत तू दुसरा भाग केलास. तोंडाला बूटपॉलिश, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, ओठ लाल रंगानं मोठे केलेले, 'आफ्रिकेची सून आली घरा'. शेवटी सासू टोप ओढते आणि सगळे खिदळतात. पहिला व्हिडिओही तिथंच होता, सगळ्यात वर चिकटवून ठेवलेला. मला "बरं" म्हणून तू हे केलंस. माझ्याच हातून साडी नेऊन.

नव्या तांदळाचं मी नीमाला कबूल केलं होतं. म्हणून मागच्या आठवड्यात स्वारगेटची एसटी धरली. तुला कळवलं नाही. ती स्टँडवर घ्यायला आली, अख्खं तोंड ओढणीत गुंडाळून, फक्त डोळे दिसत होते. मला वाटलं, ऊन आहे म्हणून असेल. तिच्या खोलीच्या गल्लीत शिरलो तर पानपट्टीजवळ तीन पोरं उभी. चांगल्या घरची, पाठीला लॅपटॉपच्या बॅगा. भर दुपारची वेळ, आणि एकानं मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या तोंडावर मारला. म्हणाला, "लाइट गेली होती." दुसरा म्हणाला, "पाव्हणी हसली म्हणून दिसली. हस ना, दात दाखव." तिसऱ्यानं जवळ येऊन तिची ओढणी खेचली आणि केस धरून ओढले. "टोप आहे का बघतो," म्हणाला. नीमा ओरडली नाही. डोकं त्याच्या हाताबरोबर मागं गेलं, आणि ती तशीच उभी राहिली, तो सोडेल तोवर. तिला ह्याची सवय झाली होती.

तांदळाची पिशवी खाली टाकून मी त्या पोराची कॉलर धरली. तो जरासुद्धा घाबरला नाही. उलट मला समजावत होता. "मावशी, जोक आहे. फेमस रील आहे, तुम्ही बघितली नाही का?" मी म्हणाले, "बघितलीय." आणि माझा हात सुटला. त्याला दोन ठेवून द्यायला गेले होते, पण शब्द त्याचे नव्हते. आवाजसुद्धा त्यानं तुझाच काढला होता.

खोलीत बसल्यावर तिनं सांगितलं. थोडं हिंदीत, थोडं हातवाऱ्यांनी. बसमध्ये टॉर्च मारतात म्हणून ती आता चालत कॉलेजला जाते. वर्गातसुद्धा मागून 'मामा' असं ओरडतात. गल्लीत पोरं जमतात म्हणून घरमालकीण खोली सोडायला सांगतेय. पोरांना कुणी काही सांगत नाही. कॉलेजात तक्रार केली तर म्हणाले, थोडे दिवस शांत राहा, लोक विसरतील. तिच्या आईला तिनं ह्यातलं काही कळवलेलं नाही. आईला आपला पालीतला फोटो पाठवला होता, सुपाचा. तिची आई म्हणाली म्हणे, चांगल्या घरात पडलीस.

तू विचारलं होतंस ना, ती आपली कोण लागते म्हणून? नंतरच्या फोनवर, चिडून. ती आपल्या ताटात जेवली. माझ्या अंथरुणात झोपली. तिची आई तिकडं बसून मला चांगली म्हणतेय. एवढं लागतं.

आता हे पत्र का, ते सांगते. ज्या दिवशी गल्लीत हे झालं, त्याच दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. नीमा तयार नव्हती. व्हिसाची भीती, परीक्षेची भीती, आणि मोठं कारण वेगळंच. मला म्हणाली, "मामा, वो आपका बेटा है." मी म्हणाले, "मालूम है. इसलिए तो चलती हूँ." तरी मी तिला ओढून नेलं नाही. तिनं स्वतःच उठून चप्पल घातली. ठाण्यातले साहेब आधी म्हणाले, असे व्हिडिओ रोज येतात, पेजवर खरं नाव नसतं, कुणावर करायची तक्रार? तेव्हा मी पुढं झाले. मी सांगितलं की व्हिडिओतलं अंगण माझं आहे, साडी माझी आहे, पोरीला न विचारता हे काढलं, आणि तोंडाला पॉलिश फासलेला जो आहे त्याला मी ओळखते. साहेबांनी विचारलं, "तुमचा काय संबंध?" मी म्हणाले, "मी त्याची आई. लिहून घ्या." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, विचार करा, पोराला उद्या नोकरी मिळणं अवघड होईल." मी म्हणाले, विचार करूनच पालीहून आलेय. तुझं पूर्ण नाव, खोलीचा पत्ता, फोन, सगळं मी दिलं. सही केली. पप्पांना घरी येऊन सांगितलं. ते त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील, नाही तर नाही बोलणार. तुला ठाण्यातून बोलावणं येईल, ते परक्याकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. तारीख कळली की मला सांग, मी येईन. जबाब मागं घ्यायला येणार नाही, ते आधीच सांगते. मी नीमाच्या शेजारी बसणार आहे. तिच्यासमोर उभं राहून, तिला कळेल अशा भाषेत तू काय बोलतोस, ते मला ऐकायचंय.

राग कमी झालेला नाही, तरी तुझीच,
आई