रोडग्याचे पदर

प्रिय काजल,

तुले आजीचा पोटभर आशीर्वाद. आधी खुशखबर वाच, मग बाकीचं. काल माझं बोट पोळलं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. चिंचोक्याएवढा फोड आला आणि अशी आग होऊन राह्यली का काय सांगू. तुझा बाप मलम शोधत घरभर फिरला अन् मी गोवऱ्यांपुढे हसत बसली. शेजारची पंचफुला म्हणे, बुढी येडी झाली. मी म्हटलं, येडी नाई वं, बरी झाली.

गोवऱ्यांच्या आरात नवसाचे रोडगे भाजलते काल, आपल्या वावरातल्या मारोतीपुढे. कपाशी वेचायले आलेल्या साऱ्या बाया जेवल्या. वांग्याची भाजी तुझ्या भावानं, रजतनं केली, तिखट केली, पण पोरानं केली म्हणून सगळ्या गुपचूप खाऊन गेल्या. तुझी आठवण निघाली. तू असती तर पहिला रोडगा फोडून त्याचे पदर मोजत बसली असती.

तुले चैत्रातले रोडगे आठवतात का? त्या दिवशी मी धगधगत्या आरातून रोडगा उघड्या हातानं उचलला, राख झटकली, पुन्हा दुसरा उचलला. पोळलंच नाई. सगळ्या बाया म्हणत होत्या, आनंदाबाईचा हात पक्का झाला, याले म्हणतात सुगरण. मीही फुगली. पायात दोन दिवसापासून मुंग्या होत्या त्या कोणाले सांगितल्या नाई. हगवण लागून गेलती, म्हटलं अशक्तपणा असंल. संध्याकाळी तळव्यावर फोड पाह्यले तेव्हाही वाटलं, जुना हात आहे, समजलं नसंल. चौथ्या दिवशी बाजेवरून उठता येईना. मग हात गेले, मग तोंड वाकडं, मग बोलणंही बंद. आपल्याच तोऱ्यात चार दिवस गमावले पाह्य मी.

वर्ध्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरीणबाई इंग्रजीत बोलून गेल्या अन् तुझा बाप भिंतीले टेकून उभा राह्यला. मले वाटलं, झालं. तेव्हा तू नागपूरहून आली, हातात तुझं नर्सिंगचं जाड पुस्तक. माझ्या उशाशी बसून तू म्हणाली, आजी, तुझी नस तुटली नाई, नुसती सोलली आहे. तेवढं एक वाक्य मी दोन महिने चघळलं.

मग तू समजावलं. नसेची पेशी म्हणजे झाडासारखी, फांद्या फुटलेल्या, अन् तिचं एकच लांब शेपूट, कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. निरोप त्याच्यातून पळतो. पण ते शेपूट उघडं नसते. दुसऱ्या पेशी त्याच्याभोवती गुंडाळून राहतात, पदरावर पदर. तू म्हणाली, आजी, तुझ्या रोडग्यासारखं, एका पुरीवर तेलाचं बोट, त्याच्यावर दुसरी पुरी, मग तिसरी. मधे मधे जरासं उघडं, अन् निरोप तिथून तिथे उडी मारतो, नाल्यातल्या दगडादगडावरून माणूस जाते तसा. माझ्या अंगातल्या राखणदारांनीच त्या पदराले चोर समजून फाडून काढलं होतं. आतला धागा बहुतेक जागेवर होता. पदर पुन्हा गुंडाळले जातील, तू म्हणाली, पण रोडगा कच्चा काढून चालत नाई, वाट पाहा लागते.

मले बोलता येत नव्हतं. तू एक एक पान वाचायची अन् थांबायची, मी घशातून हूं म्हणायची. लहानपणी तुले गोष्ट सांगताना तू द्यायची तसा हुंकार. हूं आला का तू पुढे. समोरच्या खाटेवरची मंदाबाई म्हणे, नात पोथी वाचते अन् आजी ऐकते. त्या पोथीत मले सगळ्यात आवडल्या त्या आधाराच्या पेशी. निरोप नेत नाईत, नाव होत नाई. कोणी खाऊ घालते, कोणी कचरा झाडते, कोणी पांघरूण घालते. पहिले म्हणे लोक त्यांले नुसता डिंक समजत. मी मनात म्हटलं, समजणारच. जेवण झाल्यावर चुलीकडे कोण पाहते.

आता मी काठी घेऊन आंजीच्या बाजारापर्यंत जातो. लुगड्याची गाठ माझी मी मारतो. अन् काल पोळलं. देवाले हात जोडले, डॉक्टरीणबाईले जोडले, अन् तुझ्या नावानंही जोडले, लहान असली तरी.

आता मुद्द्याचं. मागच्या रविवारी तुझी खोलीवरची मैत्रीण मोहिनी जाम गावाहून दोन गाड्या बदलून इथं आली. तिच्या पिशवीत तुझं तेच पुस्तक. तू तिच्या बहिणीले देऊन टाकलं म्हणे, आता लागत नाई म्हणून. पोरगी पाणी पिऊन रडली, सगळं बोलली अन् पुस्तक माझ्यापाशी ठेवून गेली. निकाल अडकला असं तू आम्हाले सांगत होती, पण तो अडकला नव्हता. तू माझ्या उशाशी बसून राह्यली म्हणून पेपराले गेलीच नाई, अन् आता कपड्याच्या दुकानात कामाले लागणार. तुझ्या बापाले मी काही सांगितलं नाई. ते तू सांगजो. मी रागावली नाई, बाई. माझ्याभोवती पदर गुंडाळता गुंडाळता तू स्वतः उघडी पडली, हे मले त्या दोन महिन्यात दिसलं कसं नाई, याचं वाईट वाटते. मीच तुले उठवून परीक्षेले पाठवलं असतं, पण तोंड बंद होतं. आता उघडं आहे. फॉर्म भरायची तारीख वीस आहे, मोहिनीनं सांगितलं. हे पत्र पुस्तकात ठेवून रजतच्या हातून पाठवतो, नसांच्या धड्याच्या पानावर, जिथं तुझ्या डब्यातल्या वरणाचा डाग आहे. फॉर्म भर अन् घरी ये. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचजो. मले अर्धं समजलं नाई तरी चालते, मी हूं म्हणीन. तू थांबू नको.

तुझीच,
पोळल्या बोटाची आजी
आनंदाबाई