पाठ सोडू नको

शुक्रवार, ७ ऑक्टोबर १९९४, गुदैबिया

पट्टा आणला! सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, वस्तऱ्याला धार लावायचे दोनच चामडी पट्टे होते — एक लाकडी फळीवर चिकटवलेला, एक टांगायचा, मागे जाड कापड लावलेला. आबांचा टांगायचा होता, म्हणून तोच घेतला.

रूममेट गोपीनाथ हसतो. "बापाची दाढी करायला एवढा खटाटोप? ब्लेड लाव की!" त्याला काय सांगणार? आबांनी चाळीस वर्षं गावाच्या दाढ्या केल्या. ऑगस्टमध्ये अंगावरून वारं गेलं, वाचा गेली. सलूनवाल्याचं ब्लेड दिसलं की तोंड फिरवतात. मीच फोनवर शब्द दिला — दिवाळीला येतो, तुमच्याच वस्तऱ्यानं करतो. इकडे आखातात येताना त्यांनीच तो माझ्या बॅगेत घातला होता. दहा वर्षं उघडलासुद्धा नाही मी.

रविवार, ९ ऑक्टोबर

पट्ट्याला काप! नव्याकोऱ्या!

बुधवार, १२ ऑक्टोबर

चौथा काप. पाठ पुढे, धार मागे — एवढं येतं मला. मग परत फिरताना कातडं का कापतं?

लहानपणी शिकवताना आबा ओरडायचे, "पाठ सोडू नको!" नाही सोडत, आबा. रोज साठ वेळा घासतोय. वस्तरा बोथट तो बोथटच, आणि गालावर रक्त. दिवसभर एसी दुरुस्त करतो, आणि एक पट्टा जमत नाही! हे काम नको म्हणून तर पळून आलो होतो. चीड येते नुसती.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

घरी फोन केला. मथुरा म्हणाली, "मामंजी रोज दाराकडं बघत्यात. काल खुणेनं आरसा मागितला, अन् बघून उलटा ठेवला."

फोन ठेवला आणि परत पट्टा टांगला.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

लाज गिळून शेजारच्या हूरा भागातल्या हैदराबादी न्हाव्याकडे गेलो. न्हाव्याच्या पोरानं न्हाव्याला विचारायचं! त्यानं मला एकदाच पट्टा मारू दिला आणि कपाळावर हात मारला. "पीठ मत छोड़ो मियाँ! पलटाते वक्त पीठ पट्टे पेइच रहना!"

पीठ. पाठ. वस्तऱ्याची पाठ! मी गाढव धारेवर वळवत होतो. आबा चिकाटीचं बोलतच नव्हते. पंचवीस वर्षं भलताच उपदेश कवटाळून बसलो!

सोमवार, २४ ऑक्टोबर

मनगटावरचे केस साफ उडाले. खलास!

सोमवार, ३१ ऑक्टोबर, रहिमतपूर

आबांची दाढी केली. कुठे कापलं नाही. हनुवटीखाली काही राहिलं का म्हणून तिसऱ्यांदा वस्तरा लावला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. वाकड्या तोंडातून, ऑगस्टपासून पहिल्यांदाच —

"आता... पाठ सोड."