या पत्त्यावर राहत नाही

३ सप्टेंबर १९६६
पोहोचले. म्हैसूर वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी देखणं आहे. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, आणि हवा अशी की भर दुपारीही घाम नाही. मिरजेतल्या एका पेशंटच्या ओळखीने लष्कर मोहल्ल्यात खोली मिळाली. खाली शिंप्यांची दुकानं, दिवसभर मशिनींचा खडखडाट. घरमालक संताजीराव यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत चाकरीला आले आणि इथलेच झाले. त्यांचं आणि गोदावरीबाईंचं मराठी ऐकून मला गंमत वाटते. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. माझं मराठी त्यांना पुस्तकातलं वाटतं. गोदावरीबाईंनी आल्याआल्या अंघोळीचं पाणी तापवून दिलं. रात्री नाचणीचा गोळा न चावता कसा गिळायचा ते दाखवलं. मला काही जमलं नाही. तिघंही हसलो. मावशी गेल्यापासून कुणाच्या स्वयंपाकघरात अशी हसले नव्हते.

६ सप्टेंबर
नोकरीसाठी नर्सिंग होमच्या मेट्रन भवानीबाईंना भेटले. करड्या आवाजाच्या, पण सरळ. सर्टिफिकेटं एकेक करून वाचली आणि म्हणाल्या, काम आहे, पण तुझी नोंदणी महाराष्ट्रातली, इथे चालत नाही. म्हैसूर राज्याची आण आणि त्याच दिवशी रुजू हो. त्यासाठी रहिवासाचा दाखला हवा, आणि त्या दाखल्यासाठी जन्माचा. माझा जन्म अथणीजवळचा. तेव्हा ते गाव मुंबई इलाख्यात होतं, आता म्हैसूर राज्यात आहे. म्हणजे मी इथलीच की, असं मी कचेरीतल्या कारकुनाला गमतीने म्हटलं. तो हसला नाही. सगळे मूळ कागद ठेवून घेतले. घरी येऊन चौकशी होईल म्हणाला.

१५ सप्टेंबर
रेशनकार्डाशिवाय तांदूळ मिळत नाही. मी नवा अर्ज करायला निघाले तर संताजीरावांनी अडवलं. “सुम्मे, उगाच कशाला धावपळ? सूनबाईचं नाव आहेच की कार्डावर. ती माहेरी आहे, सरगूरला. तिचा वाटा तू खा.” सुनेचं नाव कमलाक्षी. नवरा नागोजीराव हुणसूरला तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे असतो. आज कार्ड तपासायला माणूस आला तेव्हा मीच कमलाक्षी म्हणून दारात उभी राहिले. कानडी मला वाचता येत नाही. त्याने बोट दाखवलं तिथे अंगठा उठवला, कारण सुनेला सही येत नाही असं गोदावरीबाईंनी सांगून टाकलं होतं. काळा अंगठा साबणाने घासताना आम्ही दोघी हसत होतो.

२८ सप्टेंबर
खालचे लोक मला कमलाक्षी म्हणून हाक मारतात. शिंप्याच्या बायकोला, वेदवतीला, थोडं मराठी येतं. तिला म्हटलं, अहो, मी भाडेकरू. ती गोंधळली. हे कुटुंब पाडव्यालाच हे घर घेऊन इथे आलं, सुनेला मोहल्ल्यात कुणी पाहिलेलंच नाही. तिला वाटलं होतं, सून आता आली.
जन्माच्या दाखल्यासाठी मिरजेला लिहिलं, बेळगावला लिहिलं. मिरज म्हणतं बेळगावला विचारा. बेळगाव म्हणतं, राज्य बदललं तेव्हा ते दप्तर पुण्याला राहिलं.

८ ऑक्टोबर
नागोजीराव आला. उंच, कमी बोलणारा. पानावर बसला आणि मान वर न करता म्हणाला, “कमलाक्षी, पाणी.” मी गोदावरीबाईंकडे पाहिलं. त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला.
मी पाणी वाढलं. का वाढलं, कळत नाही. उद्यापासून दुसरी खोली शोधायची. पण चौकशीला माणूस याच पत्त्यावर येणार.

१३ ऑक्टोबर
चौकशी होऊन गेली. चौकशीचा माणूस आला तेव्हा मी घरातच होते. संताजीराव त्याच्याशी कानडीत बोलत होते, आणि मी चहा दिला होता. कारकुनाने अहवाल वाचून दाखवला. मंदाकिनी दळवी नावाची बाई या पत्त्यावर राहत नाही. तिथे संताजीराव, त्यांची पत्नी आणि सून राहतात.
मी म्हटलं, मी तुमच्यासमोर उभी आहे. तो मोडक्या हिंदीत, अगदी सभ्यपणे म्हणाला, “तुम्ही उभ्या आहात हे दिसतंय, बाई. कोण आहात ते कागदावर दिसायला हवं.”
कागद तुमच्याकडेच आहेत, म्हटलं. ते दळवीबाईंचे आहेत, त्यांनाच परत मिळतील, म्हणाला.
तशीच भवानीबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, सर्टिफिकेटं मी नीट पाहिली होती. तुझा चेहरा किती पाहिला, ते शपथेवर सांगता येणार नाही.

१७ ऑक्टोबर
बाजारात जाते म्हणून निघाले आणि सरगूरची बस धरली. वाटलं, कमलाक्षीलाच घेऊन येते. ती समोर आली की सगळं सुटेल.
माहेरच्या घराला कुलूप. शेजारच्या कृष्णवेणीअक्कांनी आत बोलावलं. कमलाक्षीची आई मागच्या साली वारली. मुलगी मातीलासुद्धा आली नाही. जावई म्हणाला, तिची इच्छा नाही. तिला इथे कुणी पाहून दोन वर्षं झाली. कालव्याकाठची जमीन आता तिच्या एकटीच्या नावावर आहे, आणि ती विकायला ती कधीच तयार नव्हती.
मी सांगितलं, ती म्हैसूरलाही नाही.
अक्का उठल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मी हात जोडले, माझ्याबरोबर ठाण्यावर चला, एवढंच सांगा की मी कमलाक्षी नाही. त्या रडल्या, पण आल्या नाहीत. जमीन घेणारा त्याच गावचा आहे. त्यांची मुलं त्याच्याच शेतावर आहेत.

१८ ऑक्टोबर
काल म्हैसूरच्या बसस्टँडवर नागोजीराव उभा होता. बरोबर पोलीस.
ठाण्यात मी सगळं सांगितलं. फौजदाराने ऐकून घेतलं. मग कार्डावरचा अंगठा माझ्या अंगठ्याशी ताडून पाहिला. गोदावरीबाई पदराने डोळे पुसत होत्या: मूल गेल्यापासून सूनबाई अशी बोलते, घरात राहिलेल्या नर्सचं नाव स्वतःला लावते. फौजदाराने मला बहीण म्हटलं. पाणी दिलं. नवऱ्याच्या स्वाधीन केलं.
कुणीही माझ्यावर हात उचलला नाही. सगळे फार मायेने वागले.

२३ ऑक्टोबर
दसरा. कचेऱ्या बंद. रस्त्यावर माणसांचा पूर, बँडचे आवाज. माझ्या दाराला बाहेरून कडी.
खिडकीतून वेदवतीला हाक मारली. माझं नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं. ती घाबरून म्हणाली, “असं बोलू नका अक्का, वेड्यांच्या दवाखान्यात घालतील.”

३० ऑक्टोबर
संताजीरावांनी लिहून दिलं आहे. भाडेकरू मंदाकिनी दळवी गोदावरीबाईंच्या पाटल्या घेऊन पळाली.
म्हणजे मी मंदाकिनी असेन तर चोर. नसेन तर—

५ नोव्हेंबर
गोदावरीबाई माझी वेणी घालत होत्या. मी विचारलं, कमलाक्षी कुठे आहे.
हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. “ही काय, माझ्यापुढे बसलीय.”

८ नोव्हेंबर
रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं. जमिनीचा कागद. त्याने कानडीत काहीतरी विचारलं. मी मोठ्याने म्हटलं, मी कमलाक्षी नाही. मला डांबून ठेवलंय. मराठीत, हिंदीत, दोन्ही.
त्याने संताजीरावांकडे पाहिलं. त्यांनी हळू आवाजात काही सांगितलं. काय सांगितलं, मला कळलं नाही. रजिस्ट्रारने मान हलवली, माझ्याकडे कीव करून पाहिलं.
नागोजीरावने माझा हात धरून अंगठा दाबला.

९ नोव्हेंबर
आज पायस केलं होतं. मला आधी वाढलं. संताजीराव म्हणाले, आता चार दिवस माहेरी जाऊन ये, नागोजी सोडेल. माहेरच्या घराला कुलूप आहे, हे त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे, हेही त्यांना—
खाली मोटार उभी आहे. सरगूरला कमलाक्षीची वाट कुणी पाहत नाही. मंदाकिनी पळून गेली असं कागदावर आहे. मला शोधायला यावं असं कुणी—
ही वही खिडकीतून वेदवतीच्या अंगणात टाकते. तिला वाचता येणार नाही. कुणाला तरी दाखवेल. भवानीबाईंना दाखवा—
जिना वाजतोय.
गोदावरीबाई दारात. म्हणताहेत, चल. एवढं लिहून घेते म्हटलं. म्हणाल्या, “आय्तु, संपलं. सगळे कागद झाले.”
मी मंदाकिनी विश्वनाथ दळवी. जन्म अथणीजवळ. मिरजेत नर्सिंग शिकले. डाव्या भुवईखाली लहानपणची खोक आहे, ती पाहून तरी—